‘आमच्यानंतर याचं कोण?’ ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीची निवासी संस्था चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं?

ऑटिझम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आई-वडिलांना एक प्रश्न आयुष्यभर सोडत नाही. आमच्यानंतर याचं कोण?

जळगावला लागून असलेलं असोदा घ्या. बहिणाबाईंचं माहेर, भरिताच्या वांग्यांचं गाव. अशा गावात मूल लहान असेपर्यंत निभावतं. घरात आजी असते, काकू असते, ओट्यावर बसलेली माणसं लक्ष ठेवतात. पोरगं भटकत दुसऱ्या गल्लीत गेलं तर कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतं. पण तेच मूल पंचविशीचं होतं, आई साठीची होते, भाऊ नोकरीसाठी पुण्याला जातो आणि बहीण सासरी. मग कुणीतरी सुचवतं, "याला एखाद्या संस्थेत ठेवा ना."

कोणत्या संस्थेत? तिथं त्याला कसं ठेवतील? तो बोलू शकत नसेल, तर तिथं काय चाललंय हे आपल्याला कळणार कसं?

याच प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी देण्याचा हा प्रयत्न आहे. लेख जरा मोठा आहे, पण कुणाच्या तरी घरी लागेल असा आहे.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

पूर्वी सरकारी कागदावर सुद्धा ‘मतिमंद’ हा शब्द असायचा. जुन्या शाळांच्या पाट्यांवर तो आजही दिसतो. आता ‘बौद्धिक दिव्यांग’ किंवा ‘बौद्धिक अक्षम’ म्हणतात. शिकायला, समजून घ्यायला आणि रोजचे व्यवहार सांभाळायला ज्यांना जास्त वेळ आणि मदत लागते, अशा व्यक्ती यात येतात.

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. यात संवाद, लोकांशी जुळवून घेणं आणि आवाज, उजेड, स्पर्श सहन होणं या गोष्टी वेगळ्या पद्धतीनं चालतात. काही ऑटिस्टिक लोक इंजिनिअर असतात, काहींना आयुष्यभर आंघोळीलाही मदत लागते. काहींना ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही असतं.

तिसरा शब्द ‘लर्निंग डिसॅबिलिटी’. भारतात तो डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणींसाठी वापरतात. इंग्लंडमध्ये मात्र त्याचा अर्थ बौद्धिक दिव्यांगत्व असाच होतो. तिकडच्या बातम्या वाचताना हा फरक लक्षात ठेवायचा.

आणि हा मानसिक आजार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून बौद्धिक दिव्यांगत्व स्पष्टपणे वगळलेलं आहे. त्यामुळे फक्त बौद्धिक दिव्यांग आहे म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवणं हे उत्तर होऊ शकत नाही.

संख्या किती? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातले साधारण १५ लाख बौद्धिक दिव्यांग होते. ऑटिझमसाठी तेव्हा वेगळा रकानाच नव्हता.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही

संस्थांमध्ये काय चुकू शकतं, हे कळायला लांब जायची गरज नाही. आपल्याच राज्यातली तीन प्रकरणं बघा.

पहिलं शिरूरचं, साल १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरमध्ये बौद्धिक दिव्यांग मुलींची एक शासकीय निवासी शाळा होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या काही जणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. वय साधारण १८ ते ३५. आजार काहीच नव्हता. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, असं कारण देण्यात आलं. स्त्री संघटना आणि आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, देशभर चर्चा झाली.

तेव्हा विचारला गेलेला प्रश्न आजही लागू आहे. पाळीच्या चार दिवसांत मदत करायला बाई कमी पडत असेल, तर बाई वाढवायची की मुलीचं गर्भाशय काढायचं? म्हणजे अडचण संस्थेची होती आणि ऑपरेशन मुलींचं झालं.

दुसरं कवडासचं, साल २०१०. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या कवडासमध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांची एक संस्था होती. तिथल्या मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या आणि लैंगिक अत्याचार झाल्याच्या बातम्या छापून आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे राज्यातल्या अशा संस्थांची पाहणी करायला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती कामाला लागली.

तिसरं पनवेलचं, साल २०११. याच पाहणीतून पनवेलच्या एका संस्थेतल्या दिव्यांग मुलींवर होणारे अत्याचार उघडकीला आले. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं संस्थाचालकाला फाशी आणि इतर आरोपींना तुरुंगवास सुनावला. पुढे उच्च न्यायालयानं फाशी रद्द केली, पण बलात्काराचा ठपका कायम राहिला.

देशातलं अलीकडचं उदाहरण दिल्लीचं. रोहिणीतल्या ‘आशा किरण’ या सरकारी निवासगृहात जुलै २०२४ या एकाच महिन्यात डझनाहून जास्त रहिवासी दगावले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं तिथं राहत होती. उच्च न्यायालयाला तिथल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करायला सांगावं लागलं.

मग परदेशात सगळं छान असतं का?

तसंही नाही. २०११ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमानं इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खासगी रुग्णालयात छुपा कॅमेरा नेला. तिथं ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना कर्मचारी मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते, कपड्यांसह थंड पाण्याखाली उभं करत होते. ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, त्यातले सहा तुरुंगात गेले.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, तिथलं शुल्क एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड होतं. म्हणजे महाग संस्था चांगलीच असते, असं काही नाही. दोन, तिथल्याच एका नर्सनं आधी तक्रार केली होती. व्यवस्थापनाला सांगितलं, तपासणी यंत्रणेलाही कळवलं. कुणी हललं नाही. टीव्हीवर दिसल्यावरच सगळे जागे झाले.

या सगळ्या प्रकरणांत समान काय आहे?

बारकाईनं पाहिलं तर त्याच चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

रहिवाशांना बोलता येत नव्हतं, किंवा बोलले तरी त्यांचं कुणी खरं मानत नव्हतं. बाहेरच्या माणसांची ये-जा जवळपास नव्हती. कर्मचारी कमी, पगार तुटपुंजा आणि प्रशिक्षण शून्य. तपासणी व्हायची ती आधी कळवून आणि कागद बघून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या माणसांना विचारणारे नातेवाईक कमी होते किंवा नव्हतेच.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. ज्याला दर महिन्याला कुणीतरी भेटायला येतं, त्याच्या अंगावरचा वळ लपवणं अवघड जातं. ज्याला दोन वर्षं कुणी आलं नाही, त्याचं काहीही लपवता येतं.

पण चांगलं काम करणारेही आहेत

आता तुम्ही म्हणाल, मग संस्था नकोच. तर तसंही नाही. महाराष्ट्रात या क्षेत्रात मोठं काम उभं राहिलंय आणि त्यातलं बरंच पालकांनीच उभं केलंय.

बदलापूरची ‘आधार’ संस्था पालकांनी एकत्र येऊन सुरू केली. मुद्दा एकच होता, आमच्यानंतर मुलांना आयुष्यभर राहता येईल अशी जागा हवी. पुढे नाशिकलाही तिचं केंद्र झालं. डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं ‘घरकुल’ अमेय पालक संघटनेनं उभारलं. अविनाश बर्वे आणि नंदिनी बर्वे या शिक्षक दांपत्याचं त्यात मोठं योगदान आहे. आपल्याला जवळच्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ सुरू केली, तेव्हा उत्तर महाराष्ट्रात विशेष शाळा ही कल्पनाच नवीन होती.

आणि अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीजवळ टाकून दिलेली दिव्यांग मुलं त्यांनी सांभाळली. या मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांचंच नाव लागतं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची एक मागणी कित्येक वर्षांपासून आहे. बाल न्याय कायद्यानं बालगृहाची जबाबदारी १८ व्या वर्षी संपते, पण बौद्धिक दिव्यांग मुलगा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी एकटा जगायला लागत नाही. अशा मुलांना १८ नंतरही आहे तिथंच राहू देणारा कायदा हवा, असं ते सांगत आलेत.

खरी कोंडी इथंच आहे. लहान मुलांसाठी विशेष शाळा बऱ्याच आहेत. मोठ्या माणसांसाठी जागा फार थोड्या आहेत. शाळा सुटते, तिथं प्रश्न सुरू होतो.

कायदा काय सांगतो?

मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहेत, ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही. आपल्या विषयाची कलमं सोप्या भाषेत बघू.

कलम ५ म्हणतं, दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक एका ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत संस्था हा पहिला पर्याय नाहीच.

कलम ९ नुसार, केवळ दिव्यांग आहे म्हणून मुलाला आई-वडिलांपासून वेगळं करता येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो, तोही मुलाच्या हिताचा असेल तरच.

कलम १० म्हणतं, मोकळेपणानं आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय कुणावरही वंध्यत्व येईल अशी वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. शिरूर आठवलं? ही ओळ कायद्यात यायला त्यानंतर २२ वर्षं गेली. त्याआधी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या एका प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला होता. सरकारी निवासगृहातली एक बौद्धिक दिव्यांग तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली होती आणि तिला मूल हवं होतं. तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

कलम ७ अत्याचार, हिंसा आणि शोषणाबद्दल आहे. असं काही घडतंय किंवा घडण्याची शक्यता आहे, असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. तालुक्याच्या पातळीवर हे अधिकार बहुतेक वेळा तहसीलदाराकडे असतात. त्या व्यक्तीची सुटका करण्याचा आणि तिला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो.

कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांची संस्था चालवता येत नाही. पण कलम ५४ वाचलं की भुवया उंचावतात, कारण सरकारनं स्वतः चालवलेल्या संस्थांना हे नोंदणीचं प्रकरण लागू नाही. शिरूर आणि आशा किरण दोन्ही सरकारी होत्या, हे इथं आठवायला हवं.

कलम ९२ मध्ये शिक्षा आहेत. मारहाण, जाणूनबुजून अपमान, अन्नपाणी नाकारणं, लैंगिक शोषण यासाठी सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. पीडित व्यक्ती १८ च्या आतली असेल तर लैंगिक गुन्ह्यासाठी पोक्सो लागतो. मुलाच्या दिव्यांगत्वाचा फायदा घेऊन केलेला गुन्हा पोक्सोमध्ये जास्त गंभीर मानला जातो आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे.

दुसरा कायदा १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम, ज्याला सगळे ‘नॅशनल ट्रस्ट’ म्हणतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व या चार गटांसाठी तो आहे. मूल १८ चं झालं की आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. पालकत्वाचा अर्ज तिच्याकडे करायचा. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशोबही. शेतजमीन असलेल्या घरांत हे फार कामाचं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल उचललं. देशभरातल्या सरकारी निवासी संस्थांची पाहणी करण्याचं काम त्यानं आठ राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपवलं.

चांगली काळजी म्हणजे नेमकं काय?

फरशी चकचकीत आहे, भिंतीवर चित्रं आहेत, पाहुण्यांसमोर मुलं स्वागतगीत म्हणतात. हे सगळं छान आहे, पण यावरून काळजीचा दर्जा कळत नाही. बघायचं ते पुढचं.

माणसं किती आणि किती टिकतात. दिवसा दहा जणांमागे किती कर्मचारी आहेत, रात्री किती, हे वेगवेगळं विचारा. रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा. आणि दर सहा महिन्यांनी सगळे चेहरे बदलत असतील तर सावध व्हा. ऑटिस्टिक माणसाला नवा माणूस म्हणजे नव्यानं सुरुवात. त्याचं कान झाकणं म्हणजे आवाज सहन होत नाही आणि पाण्याची बाटली ढकलणं म्हणजे भूक लागलीय, हे कळायला कर्मचाऱ्याला महिने लागतात.

संवादाची सोय. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी चित्रांची कार्डं, खुणा, मोबाइल किंवा टॅबवरचं बोलणारं अ‍ॅप यातलं काही वापरतात का? "तो काही बोलतच नाही," एवढंच उत्तर मिळालं, तर तिथं त्याची तक्रारही कुणी ऐकणार नाही.

‘त्रास देणं’ कसं समजून घेतात. डोकं आपटणं, चावणं, किंचाळणं याला बऱ्याच ठिकाणी ‘मस्ती’ म्हणतात. पण ज्याला शब्द नाहीत, तो वागण्यातून सांगतो. दात दुखत असेल, पोट साफ नसेल, मिक्सरचा आवाज नकोसा होत असेल, रोजची खाट कुणी बदलली असेल. चांगली संस्था आधी कारण शोधते, ते कधी आणि कशानंतर होतं याची नोंद ठेवते. वाईट संस्था खोलीत कोंडते.

गोळ्यांचा वापर. शांत करणाऱ्या औषधांची काही जणांना खरोखर गरज असते. पण कर्मचारी कमी आहेत म्हणून सगळ्यांना झोपवून ठेवणं वेगळं. हा प्रश्न जगभर आहे. इंग्लंडमधल्या २०१५ च्या सरकारी अंदाजानुसार बौद्धिक दिव्यांगत्व असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ तसा आजार नसतानाही मनावर परिणाम करणारी औषधं रोज घेत होते. त्यानंतर तिथं ही औषधं कमी करण्याची मोहीमच सुरू झाली. म्हणून औषधाची चिठ्ठी बघायला मागा. कोणत्या डॉक्टरनं दिलं, कशासाठी, शेवटचं कधी तपासलं. दुपारी अकरा-बारा वाजता सगळे पेंगत असतील तर थांबून विचारा.

बाकीची तब्येत. बौद्धिक दिव्यांगत्वासोबत फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं. फिट आली तर काय करायचं, हे स्वयंपाकाच्या मावशींनाही माहीत असायला हवं. दातांची तपासणी, महिन्याचं वजन, पाळीच्या तारखा यांची नोंद असायला हवी. वजनाचा तक्ता हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारा कागद आहे. कुपोषण आधी तिथंच दिसतं.

खासगीपण आणि मान. आंघोळ दाराआड होते की अंगणात रांगेत? प्रत्येकाचे स्वतःचे कपडे आहेत की धुऊन आलेल्या ढिगातला हाताला येईल तो शर्ट? मुलींची आंघोळ आणि कपडे बदलणं फक्त महिला कर्मचारी बघतात का? तीस वर्षांच्या माणसाला ‘ए बाळा’ म्हणतात की नावानं हाक मारतात?

निवड आणि काम. आज कोणता शर्ट, भाजी कोणती, टीव्ही बघायचा की बाहेर बसायचं, यातलं काही तो ठरवतो का? दिवसभर करायला काही आहे का? कागदी पिशव्या, पणत्या, बागकाम, मसाले निवडणं, काहीही. आणि त्या कामाचे पैसे कुणाच्या खात्यात जातात?

भाषा आणि ताट. हा मुद्दा खान्देशातल्या घरांसाठी खास. घरी लेवा बोली किंवा अहिराणी ऐकत वाढलेल्या मुलाला बदलापूरला किंवा पुण्याला ठेवलं, तर त्याला आधीच कमी कळणारं जग आणखी अनोळखी होतं. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी खाणाऱ्याला अचानक पोळी आणि गोडसर आमटी मिळाली की तो जेवणच सोडू शकतो. ऑटिझममध्ये चव आणि स्पर्शाचं इतकं पक्कं असतं की याला नखरे म्हणून चालत नाही. घरच्या भाषेतले वीस शब्द आणि आवडत्या पदार्थांची यादी लिहून द्या. संस्था ती वाचते की फाइलला लावून टाकते, यावरूनही बरंच कळतं.

संस्था बघायला गेल्यावर काय करायचं?

एकदा सांगून जा आणि एकदा न सांगता, शक्यतो जेवणाच्या वेळी. फक्त ऑफिसात बसून चहा घेऊन परत येऊ नका. स्वयंपाकघर, संडास आणि झोपायची जागा बघा. संडासचा वास आणि खाटांमधलं अंतर खोटं बोलत नाही.

ही कागदपत्रं मागा: दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याची मुदत, मंजूर क्षमता किती आणि सध्या राहतात किती, विशेष शिक्षकांचे भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी क्रमांक, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, शेवटच्या सरकारी तपासणीचा अहवाल. संस्था नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेली आहे का, हेही विचारा.

मग हे प्रश्न: आम्ही कधीही भेटायला येऊ शकतो का? फोन किंवा व्हिडिओ कॉल होतो का? सणाला घरी नेता येतं का? गेल्या तीन वर्षांत इथं कुणाचा मृत्यू झाला का, आणि कशानं? मला काही खटकलं तर तक्रार कुणाकडे करायची? पैसे एकदम द्यायचे असतील तर मधेच काढून घेतल्यावर परत काय मिळतं?

"पहिले तीन महिने भेटायला येऊ नका, नाहीतर तो रुळत नाही," असं काही ठिकाणी सांगतात. रुळायला वेळ लागतो हे खरं. पण पूर्ण बंदी घालणारी जागा नको. दूरून का होईना, बघू द्या म्हणायचं. भेटीवरची बंदी हीच धोक्याची पहिली खूण.

शक्य असेल तर एकदम कायमचं ठेवू नका. आधी आठ दिवस, मग महिना. परत आणल्यावर त्याचं वजन, त्वचा, झोप बघा. कुणी हात उचलला की तो अंग चोरतो का, हे बघा. त्याच्याकडे शब्द नसले तरी त्याचं शरीर सांगतं.

काहीतरी चुकतंय असं वाटलं तर?

आधी फोटो आणि तारखांसह लिहून ठेवा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. जीवाला धोका असेल तर ११२, मूल १८ च्या आतलं असेल तर १०९८. कलम ७ खाली तहसीलदार किंवा प्रांताकडे लेखी अर्ज आणि पोलिसांत तक्रार. त्याची प्रत जिल्हाधिकारी आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर आता चालणार नाही.

"तक्रार केली तर मुलाला काढून टाकतील," ही भीती खरी आहे. बहुतेक पालक याच भीतीनं गप्प बसतात. एकट्या पालकाला दाबणं सोपं असतं. म्हणून त्या संस्थेतल्या इतर पालकांचे नंबर आधीच घेऊन ठेवा. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो.

संस्थेशिवाय दुसरा मार्ग आहे का?

आहे, पण तोकडा. नॅशनल ट्रस्टची ‘समर्थ’ योजना थोड्या दिवसांच्या निवासासाठी आहे, म्हणजे आईचं ऑपरेशन असेल किंवा घरात लग्न असेल तर तेवढ्यापुरती सोय. ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या दीर्घकाळ निवासाची योजना. ‘सहयोगी’मध्ये काळजीवाहकांना प्रशिक्षण मिळतं. ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, त्याला वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही लागत नाही. अडचण ही की समर्थ आणि घरौंदाची केंद्रं मोजकी आहेत. जळगाव किंवा धुळ्याच्या घरांना बहुतेक वेळा नाशिक, पुणे किंवा मुंबईच्या दिशेनंच बघावं लागतं. जळगाव ते नाशिक रोड रेल्वेनं साधारण २३० किलोमीटर, कल्याण साडेतीनशेच्या पुढे. म्हातारी आई दर महिन्याला हा प्रवास करू शकत नाही. भेटी कमी होतात, आणि भेटी कमी झाल्या की काय होतं ते वर आलंच आहे.

म्हणून अंतर हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी सहा-आठ जणांचं छोटं घर, दिवसा जायला एक कार्यशाळा आणि घरी येऊन मदत करणारी प्रशिक्षित बाई. शंभर खाटांच्या इमारतीपेक्षा हे जास्त उपयोगी ठरतं.

आत्ता हाताशी असलेली कामं

मूल कितीही लहान असलं तरी ही यादी आजच सुरू करता येते. यूडीआयडी कार्ड काढा. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होते. निरामयचा अर्ज भरा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करा. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये वाढवून महिना २,५०० रुपये केली गेली. मूल १८ चं होताच कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. वडील सरकारी नोकरीत असतील तर सेवापुस्तकात मुलाची नोंद करून घ्या, कारण कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मृत्युपत्र करा, पण सगळं एकाच नातेवाइकाच्या भरवशावर ठेवू नका.

आणि एक वही घाला. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, दुखलं की कसं सांगतो, कोणतं गाणं लावलं की शांत होतो, कोणती गोळी चालत नाही. आज हे सगळं फक्त आईच्या डोक्यात असतं. उद्या ज्याच्या हातात हा माणूस जाईल, त्याला ही वही लागणार आहे.

ज्यांच्या घरात असं कुणी नाही, त्यांनाही एक काम आहे. तुमच्या गावाजवळ, तालुक्याला अशी एखादी संस्था असेलच. वाढदिवसाला केक घेऊन जाता, फोटो टाकता, ठीक आहे. पुढच्या वेळी कॅमेरा खिशात ठेवा, तासभर बसा, दोघा-चौघांची नावं लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यात परत जा आणि त्या नावांनी विचारा, तो कुठंय, ती कशी आहे. बाहेरचं कुणीतरी नाव घेऊन विचारतंय, एवढं कळलं तरी संस्थेच्या आतली वागणूक बदलते.